जिभेला चिकटणारी हाडं

मला लोक तोंडाळ म्हणायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातले दोष काढायचा पगार घेतला. संध्याकाळी कार्ड पंच करून घरी आल्यावर ते डोळे खुंटीला अडकवून ठेवता येत नाहीत. भाजीवाल्याची मेथी, शेजारणीची सून, सासरच्या लग्नातला मांडव, सगळ्यांकडे मी त्याच डोळ्यांनी बघायची आणि बहुतेकांना नापास करायची. त्याच डोळ्यांनी मी एकदा माझ्या नवऱ्याच्या पायात घालायची हाडं निवडली. ती कशी निवडली ते आता सांगायला हरकत नाही. ज्यांची त्यात अब्रू गुंतली होती ते एकतर रिटायर झाले किंवा गेले.

आमचा कारखाना पिंपरीच्या पुढे, मुंबईच्या रस्त्यापासून जरा आत होता. विजेच्या खांबावर तार ज्या चिनी मातीच्या गट्ट्यावर बसते, तो इन्सुलेटर आम्ही बनवायचो. मी मॅट्रिक होऊन लागले तेव्हा आजूबाजूला ज्वारी उभी असायची आणि तिच्या मधोमध एखादी शेड. दहा वर्षांत ज्वारी गेली, शेड वाढल्या, आणि ज्याची ज्वारी होती तो शेडच्या गेटवर खाकी टोपी घालून येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी तपासायला लागला. साहेब लोक याला प्रगती म्हणायचे आणि पंधरा ऑगस्टला आम्हाला पेढा द्यायचे.

तपासणी खात्यात आम्ही सात बायका होतो. आमचा शत्रू एकच, भोक. भाजलेल्या मातीत सुईच्या टोकाएवढं जरी भोक राहिलं तरी त्यातून पाणी शिरतं, पाण्यातून वीज उतरते आणि खांबाखाली बांधलेली म्हैस मरते. म्हणून नियमाप्रमाणे मालातला एखादा नग फोडून त्याचे तुकडे लाल रंगाच्या पाण्यात दाबाखाली ठेवायचे आणि रंग आत शिरला का ते बघायचं. पण याला वेळ लागायचा, आणि आमच्यापुढे गाड्यावर गाडे उभे असायचे. त्यामुळे आमची रोजची परीक्षा जिभेची होती. जिथे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा मुलामा, नाही त्या कोऱ्या कडेला जिभेचं टोक लावायचं. पक्का भाजलेला माल ओल्या काचेसारखा निसटतो. भोकं असलेला माल जिभेवरचं पाणी ओढून घेतो आणि जिभेला चिकटतो. चिकटला की बाद. बाद मालाच्या पेटीत भिरकवायचा आणि पुढचा उचलायचा. साहेबांनी भिंतीवर पाटी लावली होती की माल तोंडाला लावू नये. पाटी लावून साहेब जेवायला गेले, आम्ही चाटत राहिलो. माझी जीभ सगळ्यांत तेज आहे असं भट्टीवाले म्हणायचे, आणि त्यात त्यांना दोन्ही अर्थ अभिप्रेत असायचे.

नवरा मोशीचा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायची, मनात कधी केलं नाही, आणि इथे मी मनातलंच लिहिते आहे. तो भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये फिटर होता. कंपन्यांच्या कबड्डीत चढाईला जायचा आणि आपल्या पोटऱ्यांवर त्याचा फार जीव. अंघोळीनंतर त्यांना खोबरेल तेल लावायचा. मी म्हणायची, एवढं तेल चारचाकी गाडीलाही लागत नाही. तो म्हणायचा, ''तू तुज्या मडक्यांकडं बघ, माज्या पायांकडं नगं बघूस.'' असा आमचा संसार होता, आणि सुखाचा होता.

मग एके दिवशी दुपारच्या शिफ्टला क्रेनच्या साखळीतून एक डाय, पत्रा दाबायचा लोखंडी साचा, निसटला आणि त्याच्या डाव्या नडगीवर पडला. नडगीचं हाड मधोमध चुरलं. चुरलेलं हाड सडलं म्हणून पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात ते काढून टाकलं, आणि वरचा तुकडा आणि खालचा तुकडा यांच्यामध्ये चार बोटं जागा रिकामी राहिली. ती भरायला डॉक्टरांनी दोनदा त्याच्याच कमरेचं हाड काढून घातलं. दोन्ही वेळा ते पाण्यातल्या साखरेसारखं गेलं. दीड वर्ष तो प्लास्टरमध्ये पडून होता. आता कमरेतही काढायला काही उरलं नव्हतं. सर्जननी स्पष्ट सांगितलं, ही फट भरली नाही तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल.

या दीड वर्षात सल्ला देणाऱ्यांचं मात्र पीक आलं. पिंपळे गुरवच्या हाडवैद्याने अंड्याचा बलक आणि कसलासा पाला बांधायला सांगितला. जिथे हाडच नाही तिथे तो पाला काय जोडणार होता, हे त्याला विचारलं तर तो म्हणाला, ''बाई, श्रद्धा पायजे.'' चाळीतल्या एकीने खुरांचा रस्सा रोज द्या म्हणून सांगितलं आणि मी तो केला तेव्हा स्वतःच भांडं भरून घेऊन गेली. युनियनचे पुढारी दोनदा आले, खुर्चीत बसून लढा देऊ म्हणाले, चहा प्यायले आणि लढा आमच्याच घरी विसरून गेले.

सर्जन परदेशात शिकून आलेले होते. हुशार माणूस, हात चांगला, पण समोरच्याशी बोलताना नजर कायम त्याच्या डोक्यावरून पलीकडे. तिथे त्यांना बहुतेक एखादं व्यासपीठ दिसत असावं. एकदा राऊंडला त्यांनी सहज मला विचारलं, ''तुम्ही काय करता?''

मी सांगितलं, चिनी मातीच्या कारखान्यात तपासणीला आहे.

दीड वर्षात पहिल्यांदा त्यांची नजर माझ्या तोंडावर आली. ''म्हणजे सिरॅमिक! तुमच्याकडे भट्टी आहे?''

त्यांची कल्पना अशी होती. जनावराचं हाड उकळून, चरबी काढून कडक भट्टीत भाजलं की त्यातलं जळण्यासारखं सगळं जळून जातं. मागे राहते ती निसर्गाने घडवलेली शुद्ध, पांढरी सिरॅमिक. ती माणसाच्या शरीरात घातली तर शरीर तिला परकं मानत नाही. परदेशात यावर काम सुरू होतं, इथे कोणी केलं नव्हतं. ''तुमच्या मिस्टरांचा पाय वाचेल,'' ते म्हणाले, ''आणि आपल्या देशात हे पहिल्यांदा होईल.'' या दोन वाक्यांतलं दुसरं म्हणताना त्यांचा आवाज जास्त चढला, हे मी तेव्हाच टिपलं. पण पहिल्या वाक्यासाठी मी त्यांचं काहीही ऐकायला तयार होते.

आमच्या वर्क्स मॅनेजरना हे कळलं तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. आयुष्यभर खांबावरचे गट्टे करणाऱ्या माणसाला एकदम मानवतेची सेवा करायची संधी आली होती. सर्जन एका रविवारी गाडी घेऊन कारखान्यात आले. दोघे केबिनमध्ये तासभर बसले, इंग्रजीत बोलले, सर्जननी कसले कसले फोटो दाखवले, दोनदा कॉफी गेली. ज्या बाईच्या नवऱ्याचा पाय होता ती बाहेर बाकावर बसली होती. नंतर मॅनेजर बाहेर आले आणि मला म्हणाले, ''बाई, माल फर्स्ट क्लास निघाला पाहिजे. आपल्या कंपनीच्या नावाचा प्रश्न आहे.'' आत काय ठरलं त्यापैकी एवढंच माझ्यापर्यंत आलं. त्याशिवाय एका चिठ्ठीवर तुकड्यांची लांबी-रुंदी होती.

मोशीला जाऊन मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांचं ऐकल्याशिवाय हे करणं मला बरं वाटेना. त्यांच्या बापाकडे गावची मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. धम्म घेतला त्या वर्षी सासऱ्यांनी ते सोडलं. गावाने पाणी तोडलं, दळण बंद केलं, तरी त्यांनी पुन्हा ढोराला हात लावला नाही. म्हातारा विडी पेटवून म्हणाला, ''आमी हाडं सोडली म्हून गावानं मारलं. आता डाक्टर म्हनतोय पोराच्या पायात हाड घालायचं. कुनाचं?''

''म्हशीचं,'' मी म्हटलं.

''घाल,'' म्हणाले. ''पाय ऱ्हायला पायजे. पर त्या कामाला तू हात नगं लावू. ज्यांची भट्टी हाय त्यांना करू दे.''

मी हो म्हटलं. माझाही तोच विचार होता.

सोमवारी सर्जनच्या ड्रायव्हरने कत्तलखान्यातून आणलेलं पोतं गेटच्या आत टाकलं आणि गाडी वळवून जो गेला तो परत दिसला नाही. पोत्यात म्हशीची नळीची हाडं होती, चांगली हातभर लांब. दहा मिनिटांत पोत्याभोवती मोकळं रिंगण झालं. प्रयोगशाळेतला केमिस्ट नाकाला रुमाल लावून म्हणाला, त्याच्या घरी चातुर्मास आहे. भट्टीवाला म्हणाला, ''भट्टी मी लावतो, पण ते उचलणार नाही.'' मॅनेजर केबिनच्या काचेतून बघत होते. मानवतेची सेवा काचेच्या या बाजूला यायला तयार नव्हती. मग केमिस्टने माझ्याकडे बघितलं आणि फार गोड आवाजात म्हणाला, ''बाई, तुम्हीच घ्या ना. तुम्हाला काही वाटत नसेल.''

त्याला काय म्हणायचं होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. एरवी मी आणि हे बाबू एकाच नळाचं पाणी प्यायचो, दिवाळीला फराळाची देवाणघेवाण करायचो. कारखान्यात जात नाही असं मॅनेजर भाषणात सांगायचे. जात तिथेच होती, कामाला रोज वेळेवर हजर, फक्त तिला कार्ड पंच करावं लागत नव्हतं. त्या दिवशी माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, आणि ते दिलं असतं तर तिथली चार माणसं आठवडाभर जेवली नसती. पण पाय माझ्या नवऱ्याचा होता. मी पदर खोचला आणि पोतं उचललं. हे मी सासऱ्यांना कधी सांगितलं नाही.

पुढचे आठ दिवस ते काम एकटीने केलं. शेडच्या मागे चूल मांडून हाडं उकळली, सोडा घालून पुन्हा उकळली, चरबी खरवडली, उन्हात वाळवली. मग करवतीने चिठ्ठीवरच्या मापाचे तुकडे कापले. कुठून कापायचे ते कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, पण ते केबिनमध्ये, इंग्रजीत, अशा माणसाला जो त्या पोत्याच्या वीस हातांच्या आत आला नाही. मी काही वाया जाऊ नये म्हणून सगळ्या हाडाचे कापले, मधल्या नळीचेही आणि सांध्याकडच्या फुगीर टोकांचेही. प्रयोगशाळेतली विजेची छोटी भट्टी भट्टीवाल्याने लावली. तुकडे आत रचले मीच. ग्लेझिंगवाला तेवढ्यात डोकावून विचारून गेला की पांढरं ग्लेझ देऊ का तपकिरी. त्याच्या मते ग्लेझशिवाय माल बाहेर जाणं म्हणजे माणूस सदऱ्याशिवाय बाहेर जाण्यासारखं होतं. त्याला हाकललं.

भट्टी निवल्यावर दार उघडलं आणि मी खरोखर हरखले. आत एकही हाड नव्हतं. होते ते पांढरेशुभ्र चिनी मातीचे तुकडे. वास नाही, डाग नाही. ज्या वस्तूपासून सगळे पळाले होते ती माझ्या ओळखीची, माझ्या धंद्यातली वस्तू होऊन बाहेर आली होती. आता मला कोणी काही सांगायची गरज नव्हती. हे काम महाराष्ट्रात माझ्याइतकं कोणाला येत नाही, असं मला वाटलं. मी हात धुतले, टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि तपासणीला बसले.

चोवीस तुकडे होते. एकेक उचलला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, आणि मग जिभेला लावला. हो, म्हशीचं हाड मी जिभेला लावलं. भट्टीतून निघालेलं ते हाड राहिलं नव्हतं, आणि नवऱ्यासाठी निवडताना मी नियमाची परीक्षा घेणार होते थोडीच. नळीचे तुकडे टिचकीला खणखणीत वाजत होते, जिभेवरून सटकत होते. टोकाकडचे तुकडे बघताच मी नाक मुरडलं. अनारशासारखी जाळी पडलेले, हलके, वाजवले तर भद्द. जिभेला असे चिकटायचे की ओढून काढावे लागत. वाळवी लागलेलं लाकूड कोणी मुलीच्या रुखवतात ठेवत नाही, मी ते नवऱ्याच्या पायात ठेवणार होते का? अठरा तुकडे बाद पेटीत टाकले. सहा ठेवले. त्या सहांना मी पॉलिश पेपरने घासून अजून गुळगुळीत केलं. माझ्या चौदा वर्षांत इतका चोख माल मी पास केला नव्हता. बाद पेटी त्याच संध्याकाळी दळायला गेली, कारण आमच्याकडे बाद माल पडून राहत नसे, आणि त्याचाही मला अभिमान होता.

ऑपरेशन झालं. सर्जननी निर्जंतुक केलेलं पुडकं टेबलावर उघडलं तेव्हा पाय आधीच उघडून ठेवलेला होता. बाहेर येऊन ते मॅनेजरना म्हणाले, ''सुंदर पीसेस होते.'' मॅनेजरनी माझी पाठ थोपटली नाही, पण केबिनबाहेर एक चौकटीतला कागद लावला की आमच्या कारखान्याने वैद्यकीय क्षेत्रात पदार्पण केलं आहे. एका क्लबात त्यांचं त्यावर भाषण झालं. हाड कसं निवडलं, कसं शुद्ध केलं हे त्यांनी सांगितलं म्हणे, आणि टाळ्या पडल्या. केमिस्टचा फोटो त्या कागदावर होता. चातुर्मास संपला असावा.

मला त्या कागदाशी देणंघेणं नव्हतं. टाके सुकले, ताप आला नाही, नवरा उशीला टेकून बसून मोशीच्या पोरांना कबड्डीचे डाव सांगायला लागला. एकदा मला म्हणाला, ''काय गं, मी आता अर्धा इन्सुलेटर झालो. वीज पडली तर वाचंन का?'' मी म्हटलं, पाय वाचेल, बाकीच्याची हमी नाही. त्या रात्री मी घरी येऊन पोटभर जेवले.

दोन महिन्यांनी एक्स-रे निघाला. सहाही तुकडे ठेवले तिथे तसेच, कडा धारदार, चकचकीत पांढरे. वरचं हाड आणि खालचं हाड त्यांच्या जवळ येऊन थांबलेलं, कोणी अनोळखी माणसाच्या दारात थांबतं तसं. सर्जन म्हणाले, वेळ लागेल. तिसऱ्या महिन्यात जखमेला तोंड फुटलं. चौथ्या महिन्यात पट्टी बदलताना त्यातून काहीतरी पांढरं वर आलं. सिस्टरने चिमट्याने ओढून ट्रेमध्ये टाकलं. खण्णकन वाजलं. मी तो आवाज ओळखला.

सर्जननी मला खोलीत बोलावलं. टेबलावर त्यांचे ते परदेशी कागद पसरलेले होते. रविवारी केबिनमध्ये दाखवलेले फोटो त्यात होते. ते कुठे चुकलं ते शोधत होते, मला दाखवायला म्हणून त्यांनी ते काढले नव्हते. मी उभ्याउभ्या खाली बघितलं आणि खुर्ची ओढून न विचारता बसले. फोटोत भाजलेलं हाड होतं. अनारशासारखी जाळी पडलेलं.

''ही भोकं?'' मी विचारलं.

''तीच तर महत्त्वाची,'' ते कागदातून मान वर न करता म्हणाले. ''पेशंटचं हाड त्या भोकांतून आत वाढतं. रक्त शिरतं, पेशी शिरतात. नळीचा भाग घट्ट असतो, त्यात काही शिरत नाही. म्हणून सांध्याकडचाच भाग घ्यायचा, हे मी तुमच्या मॅनेजरना सांगितलं होतं.''

मी त्यांना सांगितलं. जीभ, टिचकी, अठरा आणि सहा, दळायला गेलेली पेटी, सगळं. हेही विचारलं की पायात घालताना तुम्हाला दिसलं नाही का. ते म्हणाले, पाय उघडलेला होता, दुसरं काही हाताशी नव्हतं, आणि माल इतका चांगला दिसत होता. 'माल' हा माझाच शब्द त्यांनी वापरला.

''मी पुन्हा करून देते,'' मी म्हटलं. ''आठ दिवसांत. जाळीचे देते.''

त्यांनी मान हलवली. संसर्ग हाडात वर चढत होता. आता उशीर केला तर गुडघाही जाईल. मग त्यांनी कागद गोळा केले, आणि दुसऱ्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. ''हे पेशंटला सांगू नका,'' ते म्हणाले. ''त्याच्या मनावर परिणाम होईल. शरीराने स्वीकारलं नाही, एवढंच आपण सांगू. तुमचे मॅनेजरही तेच म्हणत होते.''

म्हणजे मॅनेजरशी आधीच बोलणं झालं होतं. मला हसू आलं. दोन मोठे पुरुष, एक पोत्यापासून लांब राहिलेला आणि एक पुडकं उघडेपर्यंत माल न बघणारा, आणि दोष द्यायला त्यांना सापडलं कोण, तर माझ्या नवऱ्याचं शरीर. मी मनात त्या दोघांना असलं काही म्हटलं की ते इथे लिहिता येणार नाही. पण खरं सांगायचं तर त्यांची सूचना मला अर्धा दिवस आवडली. दुपारभर मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ती घोकत होते, शरीराने स्वीकारलं नाही, शरीराने स्वीकारलं नाही. वाक्य चांगलं होतं. कुठे भेग नव्हती, कुठून पाणी शिरत नव्हतं. आणि ज्या बाईने जन्मभर सगळ्यांना नापास केलं ती आता स्वतःच्या पाळीला चोरासारखी जिन्यात बसली होती. मला माझी किळस आली.

संध्याकाळी मी त्याच्या खाटेवर जाऊन बसले आणि सांगितलं.  त्याने पायाकडे बघितलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, ''म्हंजी तू जे फेकलं ते बरूबर व्हतं.''

''हो.''

''आन माज्यासाटी म्हून जे ठिवलं, ते न्हाई.''

''नाही.''

''डाक्टरला कळलं न्हाई?''

''मीही त्यांना तेच विचारलं. पण निवडले मी. दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता.''

''का न्हाई लावला?''

आठ दिवस तो दवाखान्यात होता, पोत्याची गोष्ट मी त्याच्यापासूनही लपवली होती. आता तीही सांगितली. तेव्हा मात्र त्याचा चेहरा बदलला. तो भिंतीकडे वळला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही आणि धरलाही नाही. त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी त्याची वाट बघत होते.

सकाळी सिस्टर संमतीचा कागद घेऊन आली. पेशंटची सही आणि नातेवाइकाची सही. त्याने न वाचता आपली सही केली. सिस्टरने हात पुढे केला, पण कागद त्याने तिला दिला नाही, माझ्याकडे धरला.

''हिला बघू द्या आदी,'' तो तिला म्हणाला. ''लई बारीक बघती ती.''

लोकांच्या बोलण्यातली खोच मी इतकी वर्षं न चुकता पकडत आले. त्या बोलण्यात ती होती की नव्हती, हे मला कधीच ठरवता आलं नाही. मी कागद घेतला. पहिल्यापासून वाचला, मग पुन्हा वाचला. त्याचं नाव नीट होतं, वय नीट होतं. पुढे लिहिलं होतं, डावा पाय, गुडघ्याखाली. मी चादर वर करून बघितलं. डावाच होता. मी सही केली.